पहिलं नाव

दिराने ते जिना उतरताना सांगितलं, आणि तेही चपला शोधता शोधता.

"वहिनी, त्या मदतनीस बाईंना सोमवारपासून येऊ नका म्हणून कळवलंय. तुम्हाला बाहेरून कळायला नको, म्हणून आधी सांगतोय."

दातवालीच्या हातात कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. घराच्या पुढच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. गावातले दोन्ही दंतवैद्य तिच्याकडेच मापं पाठवत, म्हणून सगळे तिला दातवाली म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. खाली ती, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची बिट्टी. वर धाकटा दीर आणि जाऊ. दिराचं रंगांचं दुकान होतं. मागच्या निवडणुकीत तो नगरपालिकेवर निवडून आला आणि शिक्षण समितीचा सभापती झाला. त्याच्यासाठी मतं मागत दातवाली दारोदार फिरली होती, इतकी की तिच्या टाचा सोलवटल्या होत्या.

"कुठल्या मदतनीस बाई?" तिने विचारलं. कुठल्या ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"बिट्टीच्या."

बिट्टी फारसं बोलत नसे. गोंगाट वाढला की कान झाकायची आणि समोर जे दार दिसेल त्यातून पळत सुटायची. शाळेत घातलं तेव्हा ती रोज वर्गाबाहेर. मग समितीने तिच्यासाठी मदतनीस दिली. बाई जाडजूड आणि शांत. बुटक्या खुर्चीवर बिट्टीला खेटून बसायची, आज काय काय होणार ते कागदावर चित्रं काढून दाखवायची, घंटा व्हायच्या आधी तिला हळूच बाहेर घेऊन जायची. वर्षभरात बिट्टी अख्खी सकाळ वर्गात बसायला लागली. वाचायला लागली. बेरजा तर हातच्यासकट.

"का काढलं?"

"तपासणी झाली ना मागच्या महिन्यात. मुलगी शांत बसते, लिहिते, पळत नाही. आता मदतनीसाची गरज उरली नाही, असं समितीचं मत पडलं."

"बाई शेजारी असतात म्हणून बसते ती."

"ते तुमचं म्हणणं झालं."

"भावजी, कवळी घातल्यावर माणूस नीट चावायला लागला, तर मी जाऊन कवळी परत मागू का? तुम्हाला आता गरज नाही म्हणून?"

दीर हसला नाही. "कात्री वरूनच लागलीय. सगळ्या शाळा मिळून सोळा मुलांच्या मदतनीस जाणार. सोळा घरं माझ्या अंगावर येणार. घरचीच पोर ठेवली असती तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. म्हणून यादीत पहिलं नाव मीच बिट्टीचं घातलं. आता कुणाला तोंड उघडायला जागा नाही."

दातवालीने साचा टेबलावर ठेवला. हातात राहिला असता तर तिने तो फेकला असता.

"म्हणजे तुमचं नाक वर राहावं म्हणून माझी पोर बळी."

"सकाळी सकाळी नको, वहिनी." त्याला चपला सापडल्या होत्या.

नवरा रेल्वेत सिग्नलवर होता. पाळी संपवून आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. "मी बोलतो त्याच्याशी," तो म्हणाला. हे वाक्य तो ज्या सुरात म्हणायचा त्यावरूनच कळायचं की तो बोलणार नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "घरातलं घरात ठेवा म्हणजे झालं. त्याचं आत्ता कुठे नाव होतंय."

"तिचं काय होतंय ते बघा ना, आई," दातवाली म्हणाली. 

सोमवारपासून मदतनीस नव्हती. बिट्टी घरी आली तेव्हा बाहीची कड चावून चावून ओली झालेली होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला, मुलीला घेऊन जा. तिसऱ्या दिवशीही आला. हाताला प्लास्टर तसंच ठेवून दातवाली पळत जायची. वर्गशिक्षिका दारातच बिट्टीचं दप्तर तिच्या हातात द्यायची, काही न बोलता. या दोघींचं आधीपासूनच जमत नव्हतं. शिक्षिका तरुण, काटकुळी आणि कायम घसा बसलेली. पालकसभेत एकदा ती म्हणाली होती की ही शाळा आहे, पाळणाघर नाही. त्यावर दातवालीने सगळ्यांसमोर तिला जे ऐकवलं, ते पालक अजून एकमेकांना सांगत.

मग अचानक फोन यायचे थांबले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बिट्टी घरी यायची ती गप्प, जेवायची नाही, पण शाळेतून तक्रार नव्हती. दातवालीला वाटलं, रुळत असेल हळूहळू. दीर जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बघा, बसते की नाही?" त्याचं म्हणणं खरं ठरावं असं तिलाही वाटत होतं.

एका दुपारी शाळेजवळच्या दंतवैद्याकडे कवळी पोचवायला ती गेली होती. परतताना शाळेत डोकावली. फाटकावरचा शिपाई तिला ओळखायचा, त्याने अडवलं नाही. तिने वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. मागच्या ओळीत, भिंतीला लागून, बिट्टी खुर्चीत बसली होती. बसली होती! दातवालीला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की पोर जरा जास्तच ताठ बसलीय. पाठ खुर्चीला चिकटलेली. काखेखालून एक निळा पट्टा खुर्चीमागे गेला होता. दप्तराचा पट्टा.

बिट्टी रडत नव्हती. भिंतीकडे बघत ओठ हलवत होती.

दातवाली आत घुसली. वर्ग चिडीचूप झाला. ती खुर्चीमागे गुडघ्यावर बसली आणि पट्ट्याची कडी सोडवायला लागली. ज्या बोटांनी ती केसाच्या फरकाने दात बसवायची, ती बोटं त्या कडीवरून नुसती घसरत राहिली. तेव्हा शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "काकू, कडी आधी दाबायची आणि मग वर ओढायची."

तिला रोज बघून पाठ झालं होतं.

बिट्टीला कडेवर घेऊन दातवाली बाहेर आली. दहा वर्षांची पोर, पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. मागोमाग शिक्षिका आली आणि तिने वर्गाचं दार ओढून घेतलं.

"तुम्ही बांधलं?"

"हो. मीच बांधलं."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. रोज वाटते." शिक्षिकेचा आवाज चिरकला. "दोनदा फाटकाबाहेर गेली ती. दुसऱ्यांदा ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून आज तुमच्या कडेवर आहे. मी तिच्यामागे धावले तेवढ्यात इकडे एकाने दुसऱ्याचं डोकं फोडलं. पंचेचाळीस मुलं आहेत माझ्या वर्गात. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा. तुम्ही सांगा, मी काय करायचं होतं?"

"मला फोन करायचा!"

"करत नव्हते का? मग वरून सांगणं आलं, पालकांना सारखं बोलवायचं नाही. सभापतींच्या घरची मुलगी आहे, बोभाटा नको."

दातवालीने हात उगारला होता. कडेवर बिट्टी होती म्हणून की आणखी कशाने, तो हात तिने शेजारच्या भिंतीवर आपटला.

"मी तुला कधीही माफ करणार नाही."

"मी मागितलेली नाही," शिक्षिका म्हणाली आणि वर्गात परत गेली.

संध्याकाळी दीर खाली आला, मागे जाऊ. मुख्याध्यापिकेने त्याला आधीच फोन केला होता. तो नवऱ्याशेजारी बसला, पाणी प्यायला आणि एकदम कामाचं बोलायला लागला.

"फार वाईट झालं. त्या बाईला मी सोडणार नाही. वहिनी, तुम्ही फक्त तक्रार द्या, उद्याच निलंबित करतो. आणि बिट्टीची मदतनीस परत देतो. असा प्रकार घडलाय म्हटल्यावर खास बाब म्हणून देता येतं. कुणाला बोट दाखवता यायचं नाही."

"आणि बाकीची पंधरा?"

"बाकीच्यांना काही झालेलं नाही."

"अजून झालेलं नाही."

"वहिनी, तुम्ही आपल्या पोरीचं बघा ना."

नवरा म्हणाला, "घेऊन टाक. आपलं काम होतंय ना?" सासूबाईंनी मान हलवली. आणि खरं सांगायचं तर दातवालीलाही मोह झाला. त्या शिक्षिकेला घरी बसलेलं तिला बघायचंच होतं. बिट्टीच्या काखेत पट्ट्याचे लाल वळ उठले होते, ते तिने स्वतः तेल लावताना पाहिले होते. तोंडातून हो निघणारच होतं, पण त्याआधी तिने विचारलं, "भावजी, शाळेने मला फोन करायचे का थांबवले?"

"मला काय माहीत? शाळेला विचारा."

"अहो, असं काय करता," जाऊ म्हणाली. "तुम्हीच नाही का मुख्याध्यापिकाबाईंना म्हणालात, ऊठसूट तिच्या आईला बोलवू नका म्हणून?"



"तू वर जा," दीर म्हणाला.

जाऊ गेली. दातवाली दिराकडे बघत राहिली. हा मुलगा तिच्या लग्नात शाळेच्या गणवेशात होता. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत तिने त्याला ताटं वाढली होती.

"तक्रार मी देणारच," ती म्हणाली. "पण तुमच्या हातात नाही. समितीच्या बैठकीत."

"बैठकीत बोलायला आधी परवानगी लागते."

"तुम्ही सभापती आहात ना? द्या मग."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. दीर उठला आणि जाताना मोठ्या भावाला म्हणाला, "हिला आवर. नाहीतर आपला संबंध संपला." नवरा जमिनीकडे बघत होता. पण त्याने "हो" म्हटलं नाही, आणि दातवालीच्या इतक्या वर्षांच्या संसारात तेवढंही नवं होतं.

पुढचे काही दिवस ती त्या पंधरा घरी जाऊन आली. निवडणुकीत ज्या गल्ल्यांतून फिरली होती, त्याच गल्ल्या. दोघातिघांनी तिच्या तोंडावर दार लावलं. एका शिंप्याच्या मुलाला पुस्तक अगदी जवळ धरल्याशिवाय अक्षर दिसत नसे, त्याचीही मदतनीस गेली होती. शिंपी मशीनवरून उठलासुद्धा नाही. "मतं मागायला तुम्हीच आला होतात. दिराला खुर्चीवर बसवलंत, आता माझ्या दारात कशाला? घरात वाटणीचं काही बिनसलंय का?"

"उद्या बैठकीला या, मग कळेल," ती म्हणाली.

"नाही आलो तर?"

"तर तुमच्या मुलालाही कुणीतरी बांधेल."

शिंप्याने तिला हाकलून दिलं. पण दुसऱ्या दिवशी तो आला.

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर बैठक भरायची. लांबलचक टेबल, त्यावर काच, काचेखाली जुन्या सत्कारांचे फोटो, आणि सतत शिट्टी मारणारा एक माइक. लोकांसाठी भिंतीकडेने मांडलेल्या खुर्च्या एरवी रिकाम्या असत. त्या दिवशी त्या भरल्या आणि उरलेले पालक उभे राहिले. अगदी मागे, दाराजवळ, शिक्षिका बसली होती. शाळेत प्रकार घडल्याचं सगळीकडे झालं होतं, म्हणून तिचं निलंबन त्या दिवशीच्या विषयांत होतं आणि तिला व मुख्याध्यापिकेला बोलावणं गेलं होतं. टेबलाभोवतीच्या निम्म्या सदस्यांचं हसू दातवालीने घडवलेलं होतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आधी शाळांच्या रंगकामावर बराच वेळ गेला. मग दातवाली उभी राहिली.

"आपण सदस्य नाही. खाली बसा," दीर म्हणाला. सभेत तो तिला वहिनी म्हणाला नाही.

"बोलू द्या तिला," विरोधी बाजूची औषध दुकानवाली म्हणाली. "तुमच्याच घरची आहे. आम्हालाही ऐकू दे."

दातवालीने माइक बाजूला सारला. तिला त्याची गरज नव्हती.

"माझ्या मुलीला शाळेत खुर्चीला बांधून ठेवत होते. आठवडा-दोन आठवडे. बांधलं शिक्षिकेने. तिचं काय करायचं ते करा. पण आधी मला सांगा, तपासणीच्या दिवशी तुम्ही वर्गात किती वेळ होतात?"

सदस्य समोरचे कागद चाळायला लागले. शेवटी टोकाला बसलेला म्हातारा सदस्य म्हणाला, "सात शाळा होत्या हो एका दिवसात. आम्ही दारातून पाहिलं."

"दारातून! आणि तिच्या शेजारी बसलेली बाई नाही दिसली दारातून?"

मागून कुणीतरी शिवी हासडली. दिराने टेबलावर हात आपटला. "घरचं भांडण इथे आणू नका!"

"इथे तुम्ही आणलंत. घरची म्हणून पहिलं नाव तिचं घातलंत. आणि ती पळायला लागली तेव्हा शाळेला सांगितलंत की आईला कळवू नका. कळवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, की गरज संपलेली नव्हती."

"साफ खोटं!" दीर उभा राहिला. "असं मी कधीही म्हटलेलं नाही. ज्याने माझ्या तोंडून ऐकलं असेल, त्याने इथे उभं राहून सांगावं."

त्याला खात्री होती. मुख्याध्यापिका मान खाली घालून बसली होती, आणि जाऊ घरी होती.

मागची खुर्ची सरकली.

"मी ऐकलंय," शिक्षिका म्हणाली. "मुख्याध्यापिकाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला होता, मी समोर उभी होते. तुम्ही म्हणालात, तिच्या आईचं तोंड फार वाजतं, तिला शाळेपासून लांब ठेवा. वर्गात कसं बसवायचं ते शिक्षकांनी बघावं." मग ती दातवालीकडे वळली. "मी हे तुमच्यासाठी बोलत नाहीये."

"माहितेय," दातवाली म्हणाली.

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात कोण काय बोललं ते कुणालाच नीट आठवत नाही. शिंपी टेबलापर्यंत पोचला होता आणि दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं. कुणाच्या तरी हातचा पाण्याचा ग्लास काचेवर सांडला. शेवटी मतदान झालं. सोळाही मुलांची नव्याने तपासणी करायची, तोवर मदतनीस कायम ठेवायच्या. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. ते मत दारातून पाहणाऱ्या म्हाताऱ्याचं होतं.

आणि त्याच बैठकीत, लगेच पुढच्या विषयात, शिक्षिकेला निलंबित केलं. त्याला कुणाचाच विरोध नव्हता. सभापतींनी दातवालीकडे बघून विचारलं, "यावर काही बोलायचंय?" तिला बोलता आलं असतं. तिला त्या शिक्षिकेच्या वर्गातली पंचेचाळीस डोकी आठवली, आणि बिट्टीच्या काखेतले वळही आठवले. ती खाली बसली.

जिन्यात दोघींची गाठ पडली.

"झालं समाधान?" शिक्षिकेने विचारलं.

"नाही."

"माझंही नाही," ती म्हणाली आणि भराभर उतरून गेली. पुढे चौकशीनंतर तिला दुसऱ्या शाळेत घेतलं असं दातवालीच्या कानावर आलं. तिने खोदून विचारलं नाही.

बिट्टीची जुनी मदतनीस परत आली नाही, तिने दुसरीकडे काम धरलं होतं. नवी आली ती पोरसवदा, बिट्टीला घाबरणारी. आणि बिट्टी तर खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. पाठ टेकायची खुर्ची दिसली की ओरडायची. बरेच दिवस ती वर्गाबाहेर व्हरांड्यात फरशीवर बसून राहिली, आणि नवी मदतनीस हातभर अंतरावर, पाय पसरून. मग एकदा दोघी उंबऱ्यावर बसल्या. मग उंबऱ्याच्या आत. बेरजा बिट्टी विसरली होती. त्या पुन्हा पहिल्यापासून.

दिराचं सभापतिपद गेलं, सदस्यत्व राहिलं. त्याने घराबाहेरून वर जायला वेगळा लोखंडी जिना बसवून घेतला, दातवालीच्या दारावरून जावं लागू नये म्हणून. सासूबाई आपलं अंथरूण घेऊन वर गेल्या. नवरा आईला भेटायला वर जातो. भाऊ घरात असेल तर दारातूनच परत येतो.

जाऊ मात्र एकदा मागच्या दाराने आली, दीर गावाला गेला होता तेव्हा. उभ्या उभ्याच म्हणाली, "त्या दिवशी माझ्या तोंडून निसटलं असं सगळ्यांना वाटतंय. वाटू दे." आणि चहा ठेवायच्या आत निघूनही गेली.

दीर समोरासमोर भेटला तो एकदाच, गल्लीच्या तोंडाशी. टाळायला जागा नव्हती.

"तुम्ही घर मोडलंत, वहिनी," तो म्हणाला.

बिट्टी दातवालीचं बोट धरून उभी होती. काकाकडे तिने पाहिलंही नाही. तिला पुढे जायचं होतं, ती हात ओढत होती.

"बाजूला व्हा, भावजी," दातवाली म्हणाली. "तिला शाळेला उशीर होतोय."